नाव कुलपात, आकडा उजेडात



आम्ही बीड जिल्ह्याची माणसं. आमच्यातला एक भाऊ सूतगिरणीत रिंगवर उभा राहतो आणि दुसरा दसरा झाला की बायकोला घेऊन उसाच्या फडावर जातो. म्हणून ऊसतोडणीचं दुखणं आम्हाला परक्याचं वाटत नाही. गिरणीत मुकादम, फडावरही मुकादम. इथे खाडा, तिथेही खाडा. फरक इतकाच, की तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि बाई आजारी पडली तरी खाडा दोघांच्या उचलीतून कापला जातो.

जून 2019 मध्ये सरकारने विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा! आणि 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या महाराष्ट्राचं प्रमाण शंभरात तीनच्या आत होतं.

आकडे वाचून कोणाच्याही अंगावर काटा येईल. पण आता खरा सवाल ऐका. कोणी शहाणा उठून म्हणेल, "ही तुलनाच खोटी. राज्याच्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायका, तुमच्या पाहणीत कोणत्या वयाच्या? म्हाताऱ्या बायका जास्त असतील तर आकडा फुगणारच." त्याला काय उत्तर द्यायचं? नुसत्या बेरजेत वय दिसत नाही. किती पोरं झाल्यावर ऑपरेशन झालं, कोणत्या तालुक्यात, खाजगी दवाखान्यात की सरकारी, उचल घेण्याआधी की नंतर, हे कळायचं तर एकेक भरलेला फॉर्म शेजारी-शेजारी मांडून तपासावा लागतो. हे काम अभ्यासकाचं. फॉर्म कपाटात आणि अभ्यासक दाराबाहेर, अशी गत झाली तर भांडण जन्मात मिटायचं नाही, आणि तोटा होईल तो बाईचाच.

तुम्ही म्हणाल, आम्ही सूत कातणारी माणसं, आम्हाला या फॉर्मांशी काय करायचंय? दोस्तांनो, आपला महागाई भत्ता कशावर मिळत आला? निर्देशांकावर. मुंबईचा जुना निर्देशांक 1933-34 च्या पायावर उभा होता. कामगाराचं घर कसं चालतं हे 1932-33 साली विचारलं, आणि त्याच मापाने पुढची तीसेक वर्षं आमचं पोट मोजलं. बाजारात भाव चढत होते, कागदावर मात्र महागाई कमी दिसत होती. कामगारांनी आवाज उठवला, तेव्हा 1963 साली प्रोफेसर लकडावाला यांची तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक कमी पडतो हे तिने दाखवून दिलं. आमचा अनुभव खोटा नव्हता, बेरीज खोटी होती. पण बेरजेतली चूक बेरीज बघून सापडत नाही. तिच्या मागचे भाव आणि मापं तपासणारा जाणकार माणूस लागतो.

आता दुसरी बाजूही आम्ही मोकळ्या मनाने मांडतो. सरकार म्हणतं, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं गुपित आम्ही कसं फोडावं? हे म्हणणं रास्त आहे. 1948 च्या जनगणना कायद्याने कोणालाही एका माणसाची नोंद बघता येत नाही. तसंच असायला हवं. मुकादमाच्या हाती यादी गेली तर कोणत्या बाईला कामावर घ्यायचं आणि कोणीला नाही, हे तो यादी बघून ठरवील. आणि नाव खोडलं म्हणजे झालं, असंही नाही. चाळीस घरांच्या तांड्यावर "वय 28, तीन मुली, पिशवी काढलेली" एवढं लिहिलं, की ती कोण हे शेंबडं पोरही सांगेल. ज्या बाईने पाहणीवाल्यापुढे तोंड उघडलं, तिच्या अब्रूशी खेळ करून आम्हाला कुठलाही अभ्यास नको.

पण म्हणून साऱ्यालाच कुलूप, हा कुठला न्याय? वाट आहे. कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती नावं काढून अभ्यासकांना दिली गेली. गाव ओळखू येऊ नये म्हणून नकाशावरची खूणसुद्धा मुद्दाम काही किलोमीटर सरकवली गेली. कारखान्यांची वार्षिक पाहणी कारखान्याची ओळख झाकून दिली जाते. सांख्यिकी गोळा करण्याचा 2008 चा कायदा गुप्तता सांगतो, आणि खऱ्या संशोधनासाठी दारही ठेवतो. अमेरिकेत याहून नाजूक माहितीसाठी बंदोबस्ताच्या खोल्या आहेत. अभ्यासकाने शपथ घ्यायची, तिथेच बसून काम करायचं, आणि बाहेर न्यायचा प्रत्येक तक्ता तपासून घ्यायचा. गुपित फोडलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. तिथे जमतं, तर इथे न जमण्यासारखं काय आहे?

आमची शंका वेगळीच आहे. गुप्तता गरिबाच्या अब्रूसाठी आहे, की सरकारच्या? जानेवारी 2019 मध्ये बेरोजगारीचा अहवाल अडकला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. निवडणूक उरकल्यावर मे महिन्याच्या शेवटी अहवाल आला, आणि बेरोजगारी निघाली 6.1 टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात 2017-18 ची घरखर्चाची पाहणी, माहितीचा दर्जा बरा नाही असं सांगून, प्रसिद्धच करणार नाही असं जाहीर झालं. दर्जा बरा नसेल तर जाणकारांना दाखवा, ते सांगतील कुठे चुकलं ते. त्या बेरजेत कोणाचं नाव होतं? कोणाचंच नाही. तिथे झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली, ती गरिबासाठी नव्हे.

आम्ही चौथीपर्यंत शिकलेली माणसं. पण हजेरीपट वाचता येतो, आणि हजेरीपट दाखवायला कोण का टाळतो हेही कळतं. म्हणून आमचं मागणं साधं आहे:

एक. नाव, गाव, वस्ती कुलपात. ते फोडणाऱ्याला कडक सजा, मग तो अभ्यासक असो वा अंमलदार.

दोन. ओळख काढलेली माहिती शपथ घेतलेल्या अभ्यासकाला बंदोबस्ताच्या खोलीत बघू द्या, आणि ती खोली मुंबई-दिल्लीतच नको, मराठवाड्यातही हवी.

तीन. परवानगी द्यायची की नाही हे त्या खात्याच्या साहेबाने ठरवू नये. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हाती किल्ली, हे आम्हाला कबूल नाही. स्वतंत्र मंडळ नेमा. नकार द्यायचा तर ठरल्या मुदतीत, कारणासह, लेखी द्या.

चार. अभ्यासाचा निकाल मराठीत छापा आणि ज्यांनी फॉर्म भरून दिले त्यांच्या गावात वाचून दाखवा. 1964 च्या कायद्याने मराठी या राज्याची राजभाषा झाली. मग बीडच्या बाईचं दुखणं तिला न कळणाऱ्या इंग्रजीत का पडून राहावं?

बंधूंनो, 13,861 ही नुसती संख्या नव्हे. त्या आमच्या बहिणी आहेत, आमच्या भावजया आहेत. त्यांनी उंबऱ्यावर बसून अनोळखी माणसाला मनातलं सांगितलं ते काहीतरी बदलेल म्हणून. त्यांचं नाव जपणं हे आपलं काम, आणि त्यांचं सांगणं वाया जाऊ न देणं हेही आपलंच काम. दोन्ही एकदमच करावी लागतील. पुढच्या सभेत, युनियनच्या ठरावात, आमदाराच्या दारात हे एकच मागा:

नाव कुलपात, आकडा उजेडात!