ताप-पुरळाची नोंद आपल्याच दवाखान्यातून

केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२५ रोजी ‘शून्य गोवर-रुबेला’ मोहीम सुरू केली. निर्मूलनाचे लक्ष्य २०२६चे आहे. त्यासाठी लसीच्या दोन्ही डोसांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर न्यायचे आहे. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्यांपुढे खरा पेच आहे तो या टक्केवारीच्या छेदाचा: मुले नेमकी कोणती मोजायची?

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेली कुटुंबे चाळींत राहतात आणि काम सुटले की खोली सोडतात. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. नवव्या महिन्याचा डोस एका गावात झाला, तर सोळाव्या महिन्यात मूल भलतीकडेच असते. कार्ड गावी राहते आणि मूल कुठल्याच आशाताईंच्या यादीत नसते. २०२२च्या उद्रेकात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने गाठली ती प्रामुख्याने डोस चुकलेली मुले.

अशा मुलाला ताप आला की आईबाप कामावरून सुटून संध्याकाळी आपल्या खासगी दवाखान्यात येतात. तिथे केसपेपरवर ‘व्हायरल’ किंवा ‘ॲलर्जी’ लिहून औषध दिले जाते, आणि विषय तिथेच संपतो. हे थांबायला हवे. ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण संशयित समजून कळवायचा. निदान प्रयोगशाळा करील. तपासणीत गोवर-रुबेला नाही असे ठरलेले रुग्णही मोलाचे आहेत. वर्षाला लाख लोकसंख्येमागे असे किमान दोन रुग्ण सापडले, तरच शोध नीट चालू आहे असे मानले जाते. रुबेलाचे पुरळ तर इतके सौम्य असते की सहज सुटते. पण गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत लागण झाली तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतो.

लसीकरण सत्रावरच्या सहकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पाच डोसांची कुपी विरघळवल्यावर चार तासांत वापरावी लागते, म्हणून एकट्या मुलाला ‘पुढच्या वेळी या’ म्हटले जाते. भट्टीवरच्या मुलाला पुढची वेळ मिळेलच असे नाही. चार डोस वाया गेले तरी चालतील, कुपी उघडा. कार्ड नसेल आणि लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवरही नोंद सापडत नसेल, तरी पाच वर्षांखालील मुलाला डोस द्या. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही.

खासगी डॉक्टरांना आमची कळकळीची विनंती आहे: ताप-पुरळाचा रुग्ण दिसला की त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा. रक्ताचा नमुना पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत घ्यावा लागतो, आणि ते कुटुंब तोवर बोईसरमध्ये असेलच असे नाही.