सत्तेचा ठावठिकाणा: लोहियांच्या वाचनाविषयी

आपल्याकडील समीक्षेत ‘सत्ता’ ही संज्ञा अलीकडे फार स्वस्त झाली आहे. सत्ता सर्वत्र असते असे फूकोच्या हवाल्याने म्हणावयाचे आणि ती नेमकी कोणाच्या हाती आहे, या प्रश्नातून सुटका करून घ्यावयाची, अशी रीतच पडली आहे. स्वतः फूकोने तुरुंगाचा आणि दवाखान्याचा तपशीलवार अभ्यास केला. अनुयायांनी तपशील तेवढा गाळला. या रीतीने पाहणाऱ्यास राममनोहर लोहिया भाबडे वाटतात. मग पुराणपुरुषांवर लिहिणारे लोहिया साहित्याने घ्यावेत आणि ‘चौखंबा राज्य’ मांडणारे लोहिया राज्यशास्त्राकडे सोपवावेत, अशी सोयीची वाटणी होते. ही वाटणीच मुळात चुकीची आहे.

गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांवर सार्वभौमत्व विभागले जावे, ही लोहियांची मांडणी केवळ प्रशासकीय सुधारणेची सूचना नव्हे. कलेक्टरचे पद रद्द करण्याची मागणी तिच्यात होती, कारण ब्रिटिश राजवटीचा दरारा त्या पदात तसाच शिल्लक आहे, हे त्यांनी ओळखले होते. लोहियांच्या विचारात सत्तेला ठावठिकाणा असतो आणि म्हणूनच तिला जाब विचारता येतो. इंग्रजीला सार्वजनिक व्यवहारातून हटविण्याचा त्यांचा आग्रहही याच विचारातून आलेला आहे. ज्या भाषेत हुकूम निघतो ती भाषा प्रजेला येत नसेल, तर मतपेटीने दिलेला अधिकार कचेरीच्या उंबरठ्यावर संपतो. भाषाविचार आणि राज्यविचार येथे वेगळे काढताच येत नाहीत.

या विचाराची कसोटी 1954 साली लागली. त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचेच सरकार असताना पोलिसांनी तमिळभाषक आंदोलकांवर गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी आपल्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. तो मिळाला नाही. त्यांनी स्वतःचे पद सोडले आणि पुढे पक्षही दुभंगला. सत्ता सर्वत्र असते असे मानणाऱ्याला हा राजीनामा मागता आला नसता.

लोहियांच्या विचारात ताण नव्हते असे नाही. काँग्रेसविरोधाच्या त्यांच्या धोरणातून 1967 साली जी संयुक्त सरकारे आली, त्यांत सत्तेच्या रचनेचा प्रश्न बेरजेच्या राजकारणात हरवला. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले; जिल्हाधिकारी मात्र आपल्या जागी कायम राहिला. या अपुरेपणाची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु ज्या समीक्षेची परिभाषा पदव्युत्तर वर्गाच्या भिंतीबाहेर कोणालाही कळत नाही, तिने लोकसत्तेच्या विचाराला भाबडा ठरविण्यापूर्वी आपण कोणत्या भाषेत व कोणासाठी बोलतो, याचा हिशेब प्रथम द्यावा. लोहियांनी कलेक्टरच्या कचेरीला विचारलेला प्रश्न तिलाही लागू आहे.