विज्ञानकथा शिवारातलीच

आंजी (मोठी)सारख्या गावात जयंत नारळीकर कोण वाचणार, असं विचारणारे दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक म्हणतात, शास्त्रज्ञ थोर, पण कथा म्हणजे विज्ञानाचा धडा. दुसरे म्हणतात, हे पुण्या-मुंबईचं वाचन. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या कापूसवाल्याला कृष्णविवराचं काय घेणंदेणं? मला दोन्ही आक्षेप साफ अमान्य आहेत.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, तीही पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पद्मभूषण १९६५ सालीच मिळालं होतं. नावावर कथा खपवायची असती तर कोण अडवणार होतं? बक्षीस मिळालं ते अनोळखी जगतापांना. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेच्या या नव्या वाटेची दखल घेतली.

त्यांची पात्रं कधी कधी समजावून सांगण्यातच रमतात, हे कबूल. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचा. इतिहासाचा प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतो, जिथं मराठे पानिपत जिंकलेत. परततो तेव्हा खिशात बखरीचं फाटलेलं पान: विश्वासरावांना गोळी चाटून गेली! आपल्या इतिहासात ती वर्मी लागली. मराठी माणसाची अडीचशे वर्षांची जखम असं एक पान उघडी करतं. धड्याला हे जमत नाही.

आता कापूसवाल्याचं. बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. जिवाणूचं विष बनवणारं जनुक कपाशीत गेलं, बोंडअळी मरू लागली, फवारे कमी झाले. मग गुलाबी बोंडअळीच त्या विषाला पुरून उरली. २०१७ च्या हंगामात विदर्भात हिरवं दिसणारं बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि डागाळलेला कापूस. कृषी केंद्रात ‘बीजी टू’ हे बीटी बियाणं मागणारा माणूस विज्ञानकथेच्या ऐन मध्यावर उभा असतो. शोध लागला, आता पुढे काय, हाच नारळीकरांचा प्रश्न. ‘पुत्रवती भव’मध्ये त्यांनी तो ‘मुलगाच हवा’ या हव्यासाला लावला. तो हव्यास काय फक्त शहरातला आहे?

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. गावच्या वाचनालयांना एकच विनंती: ‘यक्षांची देणगी’ मागवा, आणि विज्ञानाच्या कपाटात न ठेवता कथांच्या कपाटात ठेवा.