गुडघ्यात टेंडन कोणाचा? सही करण्याआधी विचारा!

कबड्डी व खो-खो मंडळे, प्रशिक्षक, खेळाडू आणि पालक यांना जाहीर आवाहन

चढाईत पाय रोवून अंग फिरवताना गुडघ्यात ‘कट्’ होतं, बघता बघता गुडघा टम्म सुजतो आणि एमआरआयमध्ये गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटल्याचं निघतं. पूर्ण तुटलेलं हे लिगामेंट सहसा शिवून भागत नाही. त्या जागी दुसरा टेंडन बसवावा लागतो. तो खेळाडूच्याच पायातून घेतात किंवा मृत दात्याचा वापरतात. यातला कोणता, हे ऑपरेशनच्या धावपळीत विचारायचं राहून जातं.

विशीतल्या खेळाडूला पुन्हा स्पर्धा खेळायच्या असतील, तर पहिली पसंती त्याच्याच टेंडनला हवी. दात्याचा टेंडन वापरला की एक जखम वाचते, ऑपरेशन लवकर उरकतं. पण तो शरीरात रुजायला जास्त वेळ लागतो आणि तरुण खेळाडूंमध्ये तो पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं आहे. मात्र वय चाळिशीपुढे असेल, एकाच वेळी दोन-तीन लिगामेंट तुटली असतील किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तर दात्याचाच टेंडन मोठा आधार ठरतो.

म्हणून ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आणि नंतरही एवढं कराच:

1. टेंडन कुठला घेणार, ते विचारा. वाटीखालचा घेतला तर पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. फरशी बसवणाऱ्याने आपलं काम डॉक्टरांना आधीच सांगावं.

2. दात्याचा असेल, तर कोणत्या टिश्यू बँकेतून आला, एचआयव्ही व हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या का आणि निर्जंतुक कसा केला, हे विचारा. गॅमा किरणांची मात्रा जास्त झाली की टेंडन कमजोर होतो. तपासणीत हयगय झाली तर काय होतं, हे 2001 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसलं: गुडघ्यात बसवलेल्या दात्याच्या दूषित ऊतीमुळे 23 वर्षांचा तरुण दगावला. बसवलेल्या टेंडनचा (ग्राफ्टचा) क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

3. टेंडन कोणताही असो, ऑपरेशननंतर किमान नऊ महिने स्पर्धेत उतरू नका. मंडळांनीही ‘एवढी एकच मॅच खेळ’ म्हणून गळ घालू नये.

शेवटची विनंती सर्वांनाच. ज्यांना दात्याच्या टेंडनवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी दाते आपल्यातूनच पुढे यायला हवेत. अवयवदानाच्या कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने टेंडनसारख्या ऊतींचाही समावेश झाला. टेंडन देण्यासाठी मेंदूमृत्यूच व्हावा लागतो असं नाही. हृदय थांबल्यानंतरही काही तासांत तो काढता येतो. रक्तगट जुळवण्याचीही सहसा गरज नसते. दानाच्या संकल्पाचा अर्ज, म्हणजे नमुना 7, भरा आणि घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा, कारण वेळ येते तेव्हा संमती त्यांचीच घेतली जाते. मंडळांनी 29 ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनी मैदानावरच टेबल मांडून हे अर्ज भरून घ्यावेत. पहिला अर्ज प्रशिक्षकांचा असावा.