कूलर बंद करू का?

मे महिन्यात वर्ध्यातल्या घरात हा प्रश्न विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पारा 45च्या पुढं आणि मी घरभर फिरून कूलर, पंखे, फ्रिज बंद करत सुटतो. का, तर आतल्या खोलीत मला माहितीपटांना आवाज द्यायचा असतो.

बहुतेक जण करतात तीच चूक मीही केली, पैसे आधी माइकवर घातले. कंडेन्सर माइक, त्याला 48 व्होल्ट पुरवणारा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपवर फुकटातलं ऑडॅसिटी. पहिलं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं, तर माझ्याहून खोलीच जास्त बोलत होती. खाली फरशी, वर स्लॅब, प्रत्येक वाक्याला शेपूट. वर शेजारचा मिक्सर, कोकीळ आणि लांबून हावडा लाइनवरची मालगाडी. तो माइक फारच हळवा, कपाटात गेला. आता साधा डायनॅमिक आहे, तोंडापासून वीतभरावर, किंचित तिरका. तरी ‘भ’ आणि ‘फ’ला हवेची थाप बसायचीच. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला, तेव्हा कुठे ‘भाऊ’ नीट उमटला.

दुसरी चूक मात्र खास माझी. कापसाच्या जिल्ह्यात राहून मी फोमचे पातळ चौकोन ऑनलाइन मागवले! ते वरचे सूर तेवढे खातात, खालचा घुमारा तसाच. शेवटी आईनं माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्या काढल्या. कापूस पिंजून, नव्या खोळीत भरून आणला आणि त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर उभ्या केल्या. आवाज म्हणजे हलती हवा. तंतूंच्या जाळ्यात घासून ती दमते. भिंतीला अगदी लागून हवा फारशी हलतच नाही, म्हणून मधली फट हवी. बाहेरचा आवाज अडवणं गादीच्या आवाक्यातलं नाही, त्याला विटांचं वजन लागतं. त्यावर माझा उपाय एकच: पहाटेचे साडेचार.

ऑडिओबुकवाल्यांना शांत खोली उणे 60 डेसिबलच्या खाली लागते. ते जमलं. बोलणंच जमेना. सेवाग्रामचे आमचे गांधीजी आकाशवाणीच्या स्टुडिओत एकदाच गेले, 12 नोव्हेंबर 1947ला दिल्लीत, कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलायला. ते पुन्हा का गेले नसतील, याचा माझा आपला एक अंदाज आहे. बंद खोलीत समोर चिटपाखरू नसताना बोलायचं कुणाशी?

म्हणून माइकमागं स्टूल टाकून आईला बसवलं. पहाटेही घामाच्या धारा. दुसऱ्या टेकला तिचा हातपंखा करकरला. तो खाली ठेवत ती म्हणाली, “आटोप ना बाप्पा लवकर.” तिसऱ्याला बांगड्या किणकिणल्या. चौथ्याच्या आधी तिनं त्या काढल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि मान हलवली.