विमान तासाचे, वाट अर्ध्या दिवसाची

उल्हासनगरच्या जीन्सला डेनिम लागते आणि त्यासाठी आम्हा कापडवाल्यांना अहमदाबाद गाठावे लागते. मुंबईहून हवाई अंतर सुमारे 440 किलोमीटर, उड्डाण सव्वा तासाचे. पण लोकलने घाटकोपर, पुढे मेट्रो नि रिक्षा, यात दोन तास. विमानतळावर हजेरी वेगळी. शिवाय बहुतेक विमानांत सामान 15 किलोच फुकट. त्यात नमुन्याचे ताके किती मावणार? रात्रीची रेल्वे बरी, झोपेत वाट सरते आणि सकाळी बाजार!

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. पहाटेच्या विमानाला जुळणारी बस विठ्ठलवाडीहून सुटावी, ही मागणी व्यापारी संघटनांनी आता एस.टी.कडे लेखी करावी.