शल्यविशारद रुग्ण होतो तेव्हा

लंडनचे मेंदूशल्यविशारद हेन्री मार्श यांना सुतारकामाचा आणि मधमाश्या पाळण्याचा छंद. कवटी उघडणारे हात घरी लाकडावर रंधा मारतात, याचे मला फार अप्रूप वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डू नो हार्म’ या पुस्तकात त्यांनी आपल्या शस्त्रक्रियांतील चुका निःसंकोच मांडल्या. स्वतःच्या लघवीचा त्रास मात्र त्यांनी कित्येक वर्षे अंगावर काढला. सत्तरीत निदान झाले, ते बळावलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे. आजार जणू रुग्णांनाच होतात! (आम्हा डॉक्टरांची ही जुनी खोड.) माझ्याकडे येणारे आजोबाही ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ म्हणतात. बहुधा ती ग्रंथीची साधी वाढच असते; पण तपासल्याविना ते कसे कळणार? आजोबा रात्री किती वेळा उठतात, हे घरच्यांनी आठवडाभर टिपून आणावे. ते स्वतः कमीच सांगतात.